एअर फ्रायरचा धूर : दोष कुणाचा?

एअर फ्रायर नावाचे यंत्र आपल्या वस्त्यांत दोन वाटांनी आले. एक वाट म्हणजे दसरा-दिवाळीचा सेल आणि महिन्याचे हप्ते. दुसरी वाट जुनी आहे. आपल्या कितीतरी भगिनी दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाकाला जातात, आणि त्यांनी हे यंत्र आपल्या घरात येण्याच्या आधी तिकडच्या ओट्यावर पाहिले, पुसले आणि चालवले. मालकीणबाई सांगतात, "आज चिकन यात कर." कसे करायचे ते कुणी सांगत नाही. यंत्रासोबत आलेली पुस्तिका इंग्रजीत असते, तीही खोक्यासकट माळ्यावर गेलेली असते. दहा मिनिटांनी यंत्राच्या पाठीमागून धूर निघू लागतो, घरभर पसरतो, खोकला येतो, आणि पहिला शब्द ऐकू येतो, "काय केलंस?"

आपल्या घरातही फार वेगळे होत नाही. हप्ते नवऱ्याच्या किंवा मुलाच्या पगारातून जात असतात. धूर झाला की "तुला वापरता येत नाही" असे म्हणून यंत्र खोक्यात जाते. धुराजवळ जी उभी तिचाच दोष, असा हा घरगुती न्याय आहे. आमच्या मते हा प्रश्न केवळ स्वयंपाकघराचा नाही. धुराचे कारण जिला सांगता येते, तिला कुणी उगाच बोलू शकत नाही. म्हणून आज कौटुंबिक पानावर आम्ही हा विषय जरा विस्ताराने घेत आहोत.

आधी एक गोष्ट स्पष्टच लिहितो. नवीन यंत्र आणले की त्याला हळदकुंकू लावणे, धूर झाला की "नजर लागली" म्हणून लिंबू-मिरची बांधणे, हे प्रकार आपल्याही काही घरांत अजून दिसतात. १९५६ साली नागपूरच्या दीक्षाभूमीवर जे आपण मागे टाकले, ते मागच्या दाराने स्वयंपाकघरात येऊ देण्याचे कारण नाही. यंत्राला नजर लागत नाही, यंत्राला चरबी लागते. भगवान बुद्धांनी शिकवले की कारण असेल तर परिणाम होतो, आणि कारण दूर केले की परिणाम थांबतो. एवढा एकच धागा हातात धरला तरी या धुराचा उलगडा होतो.

हे यंत्र तळत नाही, भाजते

'फ्रायर' या नावाने बरीच फसगत होते. नाव तळण्याचे असले तरी काम भट्टीचे आहे. वरच्या झाकणात तापणारी कॉइल असते, तिच्यावर जोराने फिरणारा पंखा असतो. पंखा गरम हवा खाली ढकलतो, ती जाळीच्या टोपलीतल्या पदार्थाभोवती फिरते आणि पुन्हा वर जाते. टोपलीच्या खाली एक खोलगट भांडे असते, त्यात गळलेले तेल आणि चरबी साठते. पाठीमागे हवा बाहेर जाण्याचे छिद्र असते. एवढाच सारा कारखाना. २०१० साली फिलिप्स कंपनीने बर्लिनच्या प्रदर्शनात आपला एअर फ्रायर मांडला आणि तिथून हे नाव जगभर झाले.

भाजणे आपल्याला नवे नाही. उलट तळणेच आपल्याकडे उशिरा आले. कढईभर तेल ओतण्याची ऐपत आपल्या आज्या-पणज्यांकडे नव्हती. मांसाबरोबर जी चरबी मिळे ती वितळवून तेलाच्या जागी वापरायची, मांसाच्या पट्ट्या उन्हात वाळवून चान्या करायच्या, बोंबील निखाऱ्यावर भाजायचा. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ सालच्या पुस्तकात मराठवाड्यातल्या या खाण्याची नोंद करून ठेवली आहे. चरबी विस्तवावर पडली की धूर होतो, हे चुलीपुढे बसलेल्या प्रत्येक बाईला ठाऊक होते. या यंत्रातला बहुतेक धूर तोच आहे. फरक एवढाच की चुलीवर चरबी पडताना दिसत होती, इथे ती बंद खणात पडते.

चुलीच्या धुराने आपल्या आयांचे डोळे आणि फुप्फुसे खाल्ली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातल्या धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. गॅस आला आणि आपण त्या धुरातून सुटलो. तो धूर विजेच्या यंत्रातून, खिडकी बंद असलेल्या खोलीत, पुन्हा अंगावर घेण्यात शहाणपण नाही.

वाफ की धूर?

खणाच्या मागून पांढरे काही निघाले म्हणजे तो धूरच असे नाही. ताजे बोंबील, फ्रीजरमधून थेट काढलेले मांस, धुऊन न निथळलेली भाजी यांत पाणी भरपूर असते, त्याची वाफ होते. वाफ हवेत लगेच विरते, डोळ्यांना झोंबत नाही, वास पदार्थाचाच येतो. धूर रेंगाळतो, छताखाली थर धरतो, डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो. तेल किंवा चरबी फार तापून मोडली की 'अ‍ॅक्रोलीन' नावाचा वायू निघतो, ही चुरचुर त्याची असते. वाफ असेल तर काळजी नको. पदार्थ पुढच्या वेळी नीट निथळून, फडक्याने टिपून घातला की झाले.

पांढरा धूर : चरबीचा

सर्वांत जास्त तक्रार याच धुराची असते. कातडीसकट कोंबडी, चरबीचे मटण, बांगडा किंवा तारलीसारखी तेलकट मासळी, बाजारात पाकिटातून मिळणारे तयार कबाब हे पदार्थ २०० अंशांवर ठेवले की त्यांची चरबी वितळून खालच्या भांड्यात पडते. तिथे गरम हवेचा मारा चालूच असतो. चरबी तडतडते, तिचे शिंतोडे वर कॉइलपर्यंत उडतात आणि धूर होतो. यंत्र बिघडलेले नसते, बाईही चुकलेली नसते. तिथे चरबी जमली, एवढेच घडलेले असते.

पहिला उपाय म्हणजे आच कमी करणे. चरबीचा पदार्थ २०० वर न ठेवता १८० वर ठेवावा आणि पाच-सात मिनिटे जास्त द्यावीत. घाई असली की आपण आकडा वर नेतो आणि तिथेच गाडी घसरते. दुसरा उपाय म्हणजे निम्म्या वेळाने यंत्र थांबवून, टोपली उचलून खालची चरबी ओतून टाकणे. ही चरबी मोरीत ओतू नये, ती थंड होऊन पाइपात घट्ट बसते आणि तुंबलेल्या मोरीचे भांडण खालच्या मजल्यापर्यंत जाते. जुन्या डब्यात ओतून थिजू द्यावी आणि कचऱ्यात टाकावी.

तिसरा उपाय खालच्या भांड्यात, म्हणजे टोपलीच्या खाली, दोन-तीन चमचे पाणी घालण्याचा. पाण्यामुळे गळलेली चरबी फार तापत नाही. मात्र काही कंपन्या याला परवानगी देतात, काही देत नाहीत. पुस्तिकेत मनाई असेल तर पाणी घालू नये. तिथे टोपलीखाली शिळ्या पावाचा एक काप ठेवला तरी तो बरीच चरबी शोषून घेतो. काप टोपलीने नीट दबलेला असावा, आणि काम झाल्यावर टाकून द्यावा.

पण मटणासाठी आम्हाला पटलेला उपाय वेगळा आहे आणि तो आपल्या घरचाच आहे. मटण आधी हळद-मीठ घालून कुकरला शिजवून घ्यावे. आळणी पाणी मुलांना, घरात बाळंतीण किंवा आजारी माणूस असेल तर त्यांना द्यावे. चरबी बरीचशी त्या पाण्यात उतरलेली असते. मग फोडी निथळून, मसाला चोळून १८० वर दहा मिनिटे ठेवाव्यात. बाहेरून खरपूस होतात, आतून मऊ राहतात, धूर जवळजवळ होत नाही. कच्चे मटण थेट यंत्रात घातले तर वातड होते, हेही लक्षात ठेवावे. जाहिरातीतल्या बाईचे मटण आपल्याकडच्या बोकडाचे नसते.

कोंबडीची कातडी काढून घ्यावी किंवा तिच्यावर सुरीने टोचे मारून आच कमी ठेवावी. दह्यात मुरवलेले तुकडे टोपलीत टाकण्याआधी जास्तीचे दही झटकून टाकावे. गूळ, साखर किंवा बाटलीतला गोड सॉस लावायचा असेल तर तो शेवटच्या तीन-चार मिनिटांत लावावा. सुरुवातीपासून लावला तर करपतो आणि टोपलीला चिकटून बसतो.

सुक्या बोंबलाविषयी वेगळे लिहिले पाहिजे. त्यात पाणी जवळजवळ नसते, म्हणून तो फार लवकर जळतो. १६० अंशांवर चार-पाच मिनिटे पुरतात, मध्ये एकदा हलवून घ्यावा आणि यंत्रापाशीच उभे राहावे. जवळा आणि बारीक सुकट यंत्रात घालूच नये. जाळीतून खाली पडते, उरलेली पंख्याच्या वाऱ्याने उडते. त्यासाठी तवा आहे तोच बरा.

निळसर धूर : तेलाचा

पदार्थात चरबी नाही, बटाट्याच्या फोडी आहेत किंवा भेंडी आहे, तरीही निळसर, झोंबरा धूर येत असेल तर तेलाकडे पाहावे. प्रत्येक तेलाची धूर सुटण्याची एक पातळी असते. रिफाइंड शेंगदाणा किंवा सूर्यफूल तेल साधारण २३० अंशांपर्यंत टिकते. घाण्याचे शेंगदाणा तेल मात्र साधारण १६० च्या आसपास धुरू लागते. घाण्याचे करडई तेल, जे मराठवाड्यात आणि विदर्भात आपण मोठ्या आवडीने खातो, ते त्याहूनही लवकर. लोणी १५० च्या पुढे करपू लागते, तूप मात्र बरेच तग धरते. घाण्याचे तेल वाईट असा याचा अर्थ नव्हे. भाजीला, चटणीला ते उत्तमच. पण २०० अंशांच्या यंत्रात ते टाकले तर धूर होणारच. तिथे रिफाइंड तेल वापरावे, नाहीतर आच १५०-१६० वर आणावी.

एकदा पुऱ्या किंवा भजी तळून उरलेले तेल यंत्रात वापरू नये. तापून तापून त्या तेलाची पातळी खाली आलेली असते. आणि तेल लागते तरी किती? पावशेर बटाट्याच्या फोडींना एक लहान चमचा. ते टोपलीत न ओतता फोडींना हाताने चोळावे. "कमी तेलाचे यंत्र" म्हणून आणायचे आणि वरून पळीभर तेल घालायचे, असे करून धूर पदरात पडतो आणि वर डॉक्टरांनी सांगितलेले पथ्यही मोडते.

उडणाऱ्या वस्तू

पंखा वरून वारा मारतो हे विसरल्यामुळे काही गमतीचे आणि काही धोक्याचे प्रसंग होतात. पापड हलका असतो. तो उडतो, कॉइलला चिकटतो आणि जळतो. पापडावर पोळीची छोटी जाळी किंवा यंत्रासोबत आलेली तारेची स्टँड ठेवून दाबला तरच तो भाजावा. खरे तर पापडासाठी गॅस पुरे. कोरडे बेसन किंवा तांदळाचे पीठ सैल भुरभुरले तर तेही उडून कॉइलवर बसते. पीठ लावल्यावर पदार्थ झटकून, वर तेलाचे बोट फिरवून मग ठेवावा.

टोपलीत कागद घालण्याची पद्धत हल्ली आली आहे. कागद घालायचा तर भट्टीसाठीचा खास कागदच घालावा, आणि त्यावर पदार्थाचे वजन असलेच पाहिजे. यंत्र रिकामे तापवताना कागद आत ठेवला तर तो उडून कॉइलवर जातो आणि पेट घेतो. वर्तमानपत्राचा किंवा वाण्याच्या पुडीचा कागद कधीही घालू नये.

काहीच न शिजवता येणारा धूर

नवे यंत्र पहिल्यांदा लावले की थोडा धूर आणि प्लॅस्टिकसारखा वास येतो. आतल्या भागांवरचा कारखान्यातला थर जळत असतो. आधी टोपली काढून आतले पुठ्ठे, चिकटपट्ट्या, टोपलीखालचा पातळ प्लॅस्टिकचा कागद हे सारे निघाले आहे ना ते पाहावे. मग खिडक्या उघडून यंत्र २०० वर दहा-पंधरा मिनिटे रिकामे चालवावे. थंड झाल्यावर पुन्हा एकदा. वास जातो. घरात पोपट किंवा दुसरे पाखरू असेल तर त्याचा पिंजरा स्वयंपाकघरापासून लांब न्यावा. चिकट न धरणाऱ्या भांड्यांचा थर फार तापला तर त्याची वाफ पाखरांना मारक ठरते.

जुने यंत्र रिकामे चालवूनही धुरत असेल तर आधीच्या स्वयंपाकाची चरबी आत साठली आहे. आपण टोपली घासतो, पण वरची कॉइल कुणी पाहत नाही. महिन्यातून एकदा, मांसमच्छी वारंवार होत असेल तर पंधरवड्याने, ती साफ करावी. पिन बोर्डातून काढावी. यंत्र पूर्ण थंड होऊ द्यावे, निदान अर्धा-पाऊण तास. खण बाहेर काढून, वर्तमानपत्र अंथरून यंत्र अलगद उलटे करावे. जुन्या टूथब्रशने कॉइलवरची काजळी कोरडीच झाडावी. मग साबणाच्या कोमट पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसावे, पुन्हा साध्या ओल्या फडक्याने पुसावे, कारण साबण राहिला तर तोही धुरतो. दोन-तीन तास वाळू द्यावे आणि मगच लावावे. कॉइलवर पाणी ओतणे, फवारे मारणे, यंत्र नळाखाली धरणे हे जिवाशी खेळणे आहे.

टोपली आणि भांडे दर वेळी धुवावे. गरम पाणी आणि भांड्यांचा साबण घालून दहा मिनिटे भिजत ठेवले की चरबी सुटते. चिवट डागाला खाण्याच्या सोड्याची पेस्ट लावून मऊ घासणीने घासावे. तारेच्या घासणीला हात लावू नये. आपल्याला भांडे चकचकीत झाल्याशिवाय समाधान होत नाही हे खरे, पण तारेने वरचा थर निघतो आणि मग प्रत्येक पदार्थ चिकटून करपू लागतो.

काळा धूर : इथे थांबा

काळा धूर दोन कारणांनी येतो. पदार्थ जळून कोळसा झाला असेल, किंवा वीज कुठेतरी जळत असेल. जळक्या प्लॅस्टिकचा किंवा रबराचा वास आला, पिन हाताला चटका बसेल इतकी गरम लागली, बोर्डावर तपकिरी डाग दिसला, तडतड आवाज आला, तर धूर थोडा आहे म्हणून चालवत राहू नये. या ठिकाणी आमचा हात आखडता नाही, कारण जुन्या चाळींत आणि झोपडपट्ट्यांत वायरिंग कसे असते ते सगळ्यांना माहीत आहे.

हिशेब साधा आहे. हे यंत्र साधारण १५०० वॉटचे असते. २३० व्होल्टला ते सुमारे साडेसहा अँपिअर ओढते. आपल्या भिंतीवरचा लहान पॉइंट, ज्यावर मोबाईल आणि टीव्ही लावतो, तो ६ अँपिअरचा असतो. म्हणजे यंत्र पहिल्या मिनिटापासून त्याला झेपेनासे असते. याला १६ अँपिअरचा मोठा पॉवर पॉइंटच हवा. एका स्वस्त एक्स्टेंशन बोर्डावर फ्रिज, मिक्सर आणि एअर फ्रायर असे त्रिकूट चालवले तर यंत्राच्या आधी वायर धुरते. तिसरी जाड पिन बसत नाही म्हणून ती तोडणारेही महाभाग आहेत. ती पिन अर्थिंगची आहे, शॉकपासून वाचवणारी आहे. ती तोडू नये. ओळखीच्या वायरमनकडून आयएसआय खुणेचा मोठा पॉइंट बसवून घ्यावा, त्याचा खर्च यंत्राच्या किमतीत आधीच धरावा. विजेचे म्हणाल तर वीस मिनिटे चालले तर जास्तीत जास्त अर्धा युनिट जळतो.

आतून ज्वाळा दिसली तर खण ओढून उघडू नये. उघडला की हवा मिळते आणि आग भडकते. बटण बंद करावे, बोर्डाचे बटण बंद करून पिन काढावी. बोर्डाशी जाता येत नसेल तर मीटरजवळचा मुख्य स्विच पाडावा. पाणी मारू नये. खण बंदच ठेवला तर आतली आग बहुधा हवेविना विझते. पंधरा-वीस मिनिटे कुणी हात लावू नये. आग बाहेर आली तर सामानाचा विचार न करता मुले-म्हातारी बाहेर काढावीत, दार ओढून घ्यावे आणि १०१ ला फोन करावा.

जागा कुठे?

लहान घरात ओटा लहान, म्हणून यंत्र गॅसच्या शेगडीवरच ठेवतात. हे फार वाईट. बटणाला धक्का लागून बर्नर पेटला तर यंत्राचा तळ वितळतो. प्लॅस्टिकच्या टेबलक्लॉथवर, मांडणीच्या फळीखाली कोंबून, पडद्याला चिकटवूनही ठेवू नये. पाठीमागे आणि बाजूला वीतभर मोकळी जागा हवी, म्हणजे गरम हवा बाहेर पडते. पाठ खिडकीकडे असेल तर उत्तम. शिजवताना खिडकी उघडी, एक्झॉस्ट पंखा असेल तर तो चालू.

१६० चौरस फुटांच्या चाळीच्या खोलीत दार गॅलरीत उघडत होते, धूर आपोआप बाहेर जात होता. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या बीडीडी चाळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. आपली पुष्कळ माणसे अशा उंच इमारतींत राहायला जात आहेत. तिथे दार बंद असते, शेजारी नवे असतात, आणि धूर जिन्यात गेला की चर्चा होते.

इथे एक फरक नीट समजून घ्यावा. धूर हा धूर आहे, त्याचा त्रास शेजारच्या दमेकऱ्याला होतो, आणि तो थांबवणे आपले काम आहे. पण वासाचे निमित्त करून "तुम्ही काय शिजवता?" असे कुणी विचारत असेल तर तो प्रश्न धुराचा नव्हे. आपल्या बोंबलाचा वास हा गुन्हा नाही, त्यासाठी मान खाली घालण्याची गरज नाही. धूर आपण बंद करावा, म्हणजे उरलेली कुजबुज कशाची आहे ते आपोआप उघडे पडते.

घ्यावे की न घ्यावे

घरात चार-पाच खाणारी माणसे असतील तर लहान यंत्रात दोन-तीन वेळा शिजवावे लागते. भाकरी, आमटी, भात यात होत नाही. मधुमेह किंवा रक्तदाबामुळे तळलेले बंद झालेले माणूस घरात असेल तर उपयोग आहे. नाहीतर हप्त्यावर घेण्याइतकी ही निकड नाही, असे आमचे मत आहे. तेवढ्या हप्त्यांत मुलांच्या क्लासची फी निघते. घेतलेच तर पावती आणि वॉरंटीचे कार्ड जपून ठेवावे. स्वच्छ असूनही, रिकामे असूनही, योग्य पॉइंटवर लावूनही धूर येत असेल तर तो यंत्राचा दोष आहे. वॉरंटीत दुरुस्ती किंवा बदली मागावी. दुकानदार दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तिथे तक्रार नोंदवता येते.

आता पुन्हा त्या भगिनींकडे, ज्या दुसऱ्यांच्या घरी हे यंत्र चालवतात. घरेलू कामगारांसाठी २००८ साली महाराष्ट्रात कल्याण मंडळाचा कायदा झाला. ज्यांची नोंदणी नसेल त्यांनी ती करून घ्यावी. पण यंत्र बिघडल्याचा आळ आला, "पगारातून कापते" अशी भाषा सुरू झाली, तर त्या क्षणी उपयोगी पडते ते आपल्याला असलेले ज्ञान. कामाला लागण्याआधी खण बाहेर ओढून पाहावा. खाली कालची चरबी असेल, कॉइल काळी असेल तर ती बाईंना दाखवावी आणि "आधी हे साफ करते, मग लावते, नाहीतर धूर होईल" असे शांतपणे सांगावे. किती अंशांवर, किती मिनिटे हे त्यांनाच विचारावे. त्यांनी चरबीचे चिकन २०० वर लावायला सांगितले तर "१८० वर लावू का, चरबी गळून धूर होतो" असे म्हणावे. सेवक म्हणून हुकूम ऐकणे वेगळे आणि जाणकार म्हणून बोलणे वेगळे. तुम्ही जाणकार आहात.

विहारातल्या महिला मंडळांनी एखाद्या रविवारी, वंदनेनंतर, हे प्रात्यक्षिक ठेवायला हरकत नाही. ज्यांच्याकडे यंत्र आहे त्यांनी ते आणावे, उलटे करून कॉइल सगळ्यांना दाखवावी. विहारात १६ अँपिअरचा पॉइंट आहे का, ते मात्र आधी पाहून घ्यावे.